टिकारामची मंडळी

गोंदिया, १५ सप्टेंबर १९३५

तीर्थरूप केवलदादांच्या पायांशी धाकटा टिकाराम गोंदियाहून लिहितो, की मी धडधाकट आहे.

राईस मिलचं काम चालू आहे. दिवसभर कोंडा इतका उडतो की संध्याकाळी भुवया पांढऱ्या होतात आणि मीच मला म्हातारा दिसतो. पोळ्याला घरी येता आलं नाही, राग धरू नका.

सांगायची गोष्ट म्हणजे मी खोली बदलली. आता बाजाराच्या मागच्या गल्लीत राहतो. आधी हमालांच्या चाळीत होतो, तिथं रोज भांडण. इथं आलो आणि मला मंडळी मिळाली. दादा, मंडळी फार मायाळू आहे. मिलमधून आलो की आधी पाणी, मग चहा. रविवारी तर मंडळीच्या हातचा भात खाल्ल्याशिवाय सुटका नाही. मंडळीचा गळा मात्र पहिल्यापासून बेसूर. पहिल्या दिवशी सूर लागला तेव्हा गल्लीतली कुत्री उठून गेली. आता मी ढोलकी वाजवतो आणि मंडळी गाते, आणि हळूहळू तिला ताल कळायला लागला आहे. दोन वर्षं या गावात एकट्यानं काढली, आता एकटं वाटत नाही.

वहिनींना नमस्कार. रुख्माला सांगा की माझं बरं चाललं आहे, तिनं काळजी करू नये.

आपला,
टिकाराम


नवेगाव बांध, २४ सप्टेंबर १९३५

चि. टिकारामास मोठ्या भावाचा आशीर्वाद, आणि आशीर्वादामागोमाग एक थोबाडीत.

तुझं पत्र आलं. मी नेहमीसारखा ओसरीवर बसून मोठ्यानं वाचायला लागलो. आमची मंडळी, म्हणजे तुझी वहिनी प्रेमिला, तांदूळ निवडत होती. रुख्मा तिच्याशेजारी सूप घेऊन बसली होती. रुख्मा खूश, नवऱ्याचं पत्र आलं म्हणून. मीही मूर्ख, पुढचं न बघता वाचत सुटलो. ‘मला मंडळी मिळाली’ वाचलं आणि जरा अडखळलो. पण वाचणाऱ्याला थांबता येत नाही. ‘मंडळीच्या हातचा भात’ आला, ‘मी वाजवतो आणि मंडळी गाते’ आलं, आणि तुझी वहिनी म्हणाली, “काऊन जी, भाऊजीनं दुसरी करून टाकली का?”

रुख्मानं सूप खाली ठेवलं, उठली आणि गोठ्यात गेली. शेण तर तिनं सकाळीच काढलं होतं.

दुसरी करायचीच होती तर सरळ लिहायचं. एक घाव दोन तुकडे. वर ‘रुख्माला सांगा, काळजी करू नये’. ही मखलाशी कोणाकडून शिकलास?

आता ऐक. तुझा सासरा दुधराम मागच्या आठवड्यात गोरेगावहून आला होता. ओसरीवर बसला, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाला, “दोन वर्सं झाले. नवरा नेत नाई, कायले नेत नाई तेबी सांगत नाई. माजी पोर का खुंट्याले बांधून ठेवली तुमी? खळं होयेपर्यंत वाट पाहीन. मंग बोदलकशाचा एक मानूस तयार हाय, त्याच्यासंग पाट लावून देईन.” आपल्यात बाईचा दुसऱ्याशी पाट लागतो, त्याला कोणी आडवं येणार नाही. मी म्हटलं, टिकाराम तसा नाही. आणि चारच दिवसांत तुझं हे पत्र.

रुख्मा तुला हवी की नको, एवढंच लिही. बाकी पाल्हाळ नको.

केवलराम


गोंदिया, २ ऑक्टोबर १९३५

तीर्थरूप दादा, पायांवर डोकं ठेवतो, थोबाडीत मिळाली तरी हरकत नाही.

आपण ध चा मा केलात. मंडळी म्हणजे बायको नव्हे. इथे गल्लीत ख्रिस्ती लोक राहतात. त्यांचा जो सगळ्यांचा मिळून जमाव असतो, देवाचं नाव घ्यायला जमणारा, त्याला ते मंडळी म्हणतात. इथं येता-जाता तोच शब्द कानावर पडतो, म्हणून माझ्याही तोंडी बसला. आपल्याकडे तो शब्द घरात स्वयंपाक करतो हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

आता सगळं सांगतो. गल्लीच्या टोकाला धानाचं जुनं गोदाम आहे. तेच त्यांचं देऊळ. भिंतीतून अजून कोंड्याचा वास येतो. एकीकडे विड्या वळणाऱ्यांच्या खोल्या, दुसरीकडे मालधक्क्याची वाट, त्यामुळे प्रार्थनेत इंजिनाची शिट्टी घुसते आणि पाळक ती संपेपर्यंत डोळे मिटून थांबतात. पाळकांचं नाव ईश्वरदास. ते आणि त्यांची बायको सुशीलाबाई नगरकडचे. त्यांची मराठी पुस्तकासारखी. बाकी लोक म्हणाल तर खिचडी. एक तेलंगी फायरमन, मिलमध्ये तांदूळ पाखडणाऱ्या छत्तीसगडी बाया, आणि मोठ्या दुष्काळात पोरके होऊन मिशनात वाढलेले काही जण. यांना स्वतःचं गावसुद्धा ठाऊक नाही. गाणं एकच असतं, पण जो तो आपल्या बोलीत म्हणतो. फायरमन तेलुगूत वर चढतो, बाया छत्तीसगडीत मागून येतात, सुशीलाबाई पुस्तक धरून मधे उभ्या. कोणाचं कोणाला समजत नाही आणि शेवटी सगळे एकदम थांबतात, हे कसं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

त्यांच्या बाजाच्या पेटीचा भाता उंदरांनी खाल्ला. मग ते ढोलकीवर आले. मी खोलीत पडल्या पडल्या ऐकायचो. तो ढोलकीचा खून होता. एका रविवारी सहन झालं नाही, सरळ आत गेलो आणि वाजवणाऱ्याच्या मांडीवरून ढोलकी उचलून घेतली. कोणी रागावलं नाही. एक म्हातारी म्हणाली, “बने बजाथस बेटा,” म्हणजे छान वाजवतोस. तेव्हापासून जातो.

भाताचं असं, की इथली प्रत्येक बाई रोज स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ बाजूला काढते आणि रविवारी गोदामात आणून ओतते. नाना तऱ्हेचे तांदूळ एका हंड्यात. काही शिजून चिखल, काही दाताखाली कच्चे. सगळे तोच खातात. मीही खातो. जातीत कोणी विचारलं तर काय सांगायचं ते आपण ठरवा. मी ख्रिस्ती झालेलो नाही. पाळकांना विचारलं तर म्हणाले, घाई नाही, आधी ताल धर.

रुख्मा मला हवी. हे ओसरीवर वाचलंत तरी चालेल.

टिकाराम


नवेगाव बांध, ३० ऑक्टोबर १९३५

चि. टिकारामास आशीर्वाद. थोबाडीत मागे घेतली होती, पण आता पुन्हा हात शिवशिवतो आहे.

तुझं मागचं पत्र मी मोठ्यानं वाचलं. ‘रुख्मा मला हवी’ ही ओळ तर दोनदा वाचली, कारण आमच्या मंडळीनं (या वेळी बायकोच) पुन्हा वाचायला सांगितली. रुख्मा चुलीकडे तोंड करून बसली होती. त्या दिवशी तिनं भाकरी थापताना गुणगुणलेलं मी ऐकलं. घरात दिवाळी आधीच आली म्हणायची.

आणि दिवाळीच्या पाडव्याला मुन्नालाल आला. तोच, गोरेगावच्या बाजारात कापड विकणारा. माल भरायला गोंदियाला गेला होता, म्हटलं टिकारामची खबर घ्यावी. तू मिलमध्ये होतास. खोलीला कुलूप होतं, पण मागच्या बाजूला तुझ्या खिडकीपासून दोरी बांधलेली. त्या दोरीवर लुगडं वाळत होतं. निळं, लाल काठाचं. मुन्नालाल कापडवाला आहे, लुगड्यात तो चुकत नाही. म्हणाला, “नवंकोरं नाई, नेसून धुतलेलं होतं. अन् खिडकीत हिरव्या बांगड्या ठेवल्या होत्या.” शेजारणीला विचारलं हे लुगडं कोणाचं, तर ती हसून म्हणाली, “टिकाराम का ही है.”

हे त्यानं ओसरीवर सांगितलं, सगळ्यांदेखत. मी म्हटलं, मंडळीतल्या कोणाचं असेल. रुख्मानं माझ्याकडे पाहिलं. माझ्याशी ती बोलत नाही, थोरल्या दिराशी, भासऱ्याशी, बोलायची रीत नाही, पण त्या पाहण्याचा अर्थ मला लागला. मंडळी किती जणांची असो, लुगडं एकीचंच असतं.

गावात मंडईची जत्रा जवळ आली आहे. दंडारीच्या खेळाच्या तालमी सुरू आहेत. तुझ्या जागी आता चैतरामचा पोरगा बाईचं काम करतो, अगदी सुमार. पण तो विषय तुझ्यापुरता संपला आहे, तेव्हा सोड.

लुगडं कोणाचं?

केवलराम


गोंदिया, ८ नोव्हेंबर १९३५

तीर्थरूप दादांना नमस्कार.

लुगडं मरियेचं आहे. बांगड्याही तिच्याच. माझ्याकडे नुसत्या ठेवायला आहेत. यात काही वावगं नाही. पाळकांना ठाऊक आहे, सगळ्या मंडळीला ठाऊक आहे. नाताळात मरियेला बाळ होणार, म्हणून सगळे आतापासूनच तयारीला लागले आहेत. सुशीलाबाईंनी बाळासाठी अंगडं शिवलं. फायरमननं खोक्याच्या फळ्या आणून पाळण्यासारखं काही केलं आहे. गल्लीतले मुसलमान गाडीवान म्हणाले, आमची गाय घ्या. त्या दिवशी गर्दी फार होईल, कारण सगळा बाजार बघायला येणार. नाताळ झाला की मरियाही राहणार नाही आणि लुगडंही.

एवढ्यावर विश्वास ठेवा. जास्त विचारू नका. रुख्माला सांगा, थोडे दिवस धीर धर.

टिकाराम


नवेगाव बांध, १९ नोव्हेंबर १९३५

टिकाराम,

आशीर्वाद शिल्लक राहिला नाही, म्हणून लिहिला नाही.

तुझी तू सोय केलीस. नावासकट लिहिलंस. मरिया. बाळ नाताळात होणार, आणि आजवर कोणाच्या बाळंतपणाला लोक गाय घेऊन गेले नसतील. सगळा बाजार बघायला येणार, हे वाचून मला घाम फुटला. अरे, कोणती लाज तरी ठेवायची. वर ‘नाताळ झाला की ती राहणार नाही’. कुठे जाणार? तान्हं पोर घेऊन ती बाई जाणार कुठे, आणि तू तिला जाऊ देणार? दुसरी केलीस ते एक, पण केलेलीला टाकणार, हे आपल्या घरात आजवर झालं नाही. मला तुझा राग यावा की तिची कीव यावी, तेच समजेना.

पत्र मोठ्यानं वाचलं हे सांगायला नको. सवय जात नाही. आमची मंडळी रडली, कोणासाठी ते तिलाही सांगता आलं नाही. रुख्मा मात्र रडली नाही. जावेला एवढंच म्हणाली, “दिसाले कशी हाय, ते नाई लिहिलं का?”

काल दुधराम पुन्हा आला. धान कापून झालं आहे, मळणी राहिली. बोदलकशाचा माणूस बघून गेला आहे. मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू?

केवलराम


गोंदिया, २ डिसेंबर १९३५

तीर्थरूप दादा,

हे पत्र ओसरीवर वाचू नका. पहिल्याच ओळीत लिहितो आहे, नाहीतर तुम्ही अर्ध्यावर पोचाल. शेताकडे जा, बांधावर बसा आणि ओठ मिटून वाचा.

मरिया म्हणजे मी.

मरिया ही यांच्या देवाची आई. येशू तिच्या पोटी गोठ्यात जन्मला. या गोष्टीला एकोणीसशे वर्षं होऊन गेली, म्हणून गायीसाठी घाम फुटायचं कारण नाही. नाताळ म्हणजे त्या जन्माचा दिवस. दरवर्षी पाळक पुस्तकातून ती गोष्ट वाचतात. छत्तीसगडी बाया अर्ध्यावर पेंगतात आणि बाजारातलं कोणी आत डोकावत नाही. मीच एकदा बोलून गेलो, की आमच्या झाडीपट्टीत गोष्ट सांगायची तर दंडार करतात. ढोलकी असते, राजा असतो, हसवणारा असतो, भाषा नाही कळली तरी माणूस उठत नाही. सुशीलाबाई म्हणाल्या, करून बघू. तिथून सुरू झालं. हेरोद राजा केला मालगुजार, तो शिरगणती करायला निघतो. मेंढपाळ केले आपले गाई राखणारे. येशूचा बाप सुतार, ते फायरमन करतो तेलुगूत, आणि गंमत म्हणजे बरं वाटतं.

पण मरिया कोण? दंडारीत बाईचं काम पुरुष करतो, आणि इथल्या बायाही भर बाजारात उभ्या राहायला तयार नाहीत. त्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोणाला सांगितलं नव्हतं की गावात मी तेच करत होतो. माझ्या हातांवरून कळलं म्हणतात.

दादा, तुम्हाला माहीत आहे मी काय कबूल केलं होतं. लग्नात सासऱ्यानं मला धानाच्या राशीवर हात ठेवायला लावला होता, की यापुढं अंगाला लुगडं लावणार नाही. पोरगी नाच्याला दिली असं लोकांनी म्हणू नये म्हणून. मी लुगडं सोडलं. पण मंडईच्या दिवसांत गावात राहून दुसऱ्याची दंडार बघणं मला जमेना. ढोलकी वाजली की पाय आपोआप उठायचे आणि मी ते धरून बसायचो. म्हणून गोंदियाला आलो. रुख्माला वाटत असेल तिच्यामुळं गेलो. तिच्यामुळं नाही.

तिला इथं आणायचं रोज मनात येतं. पण आणली आणि तिनं दोरीवर लुगडं पाहिलं तर? लग्नात बाया तिला म्हणाल्या होत्या, तुझा नवरा लुगड्यात तुझ्यापरीस गोमटा दिसते. तेव्हा ती हसली नव्हती.

शपथ मोडली की नाही हेही मला समजत नाही. देवाच्या आईसाठी नेसलो, पण तो देव आपला नाही. पाळकांना विचारलं तर म्हणाले, शपथ वाहूच नये असं लिहिलं आहे. म्हणजे वाहिली ती चूक, की मोडली ती? आता खेळ सोडावा तर मंडळी तोंडघशी पडते. करावा तर रुख्मा जाते. तुम्ही मोठे आहात, तुम्हीच सांगा.

टिकाराम


नवेगाव बांध, २१ डिसेंबर १९३५

चि. टिकारामास आशीर्वाद, भरपूर.

तुझं पत्र घेऊन मी बांधावर गेलो. आयुष्यात पहिल्यांदा ओठ मिटून पत्र वाचलं. अर्ध्या पत्रात हसलो. उरलेल्या अर्ध्यात हसू गेलं. दोन वर्षं रुख्माला का नेत नाहीस विचारलं की तू आम्हाला खोली लहान, पाणी लांब, असलं काय काय लिहीत होतास.

मी खूप विचार केला. माझा सल्ला ऐकशील तर मरियेला बायकोच राहू दे. हसू नको. दुधरामला सांगितलं की दुसरी केली, तर तो आरडाओरडा करेल, दोन दिवस जेवणार नाही, आणि मग पोरीला नांदायला पाठवेल. त्यानं स्वतः दोन केल्या आहेत, त्याला त्यात नवल नाही. पण जावयानं पुन्हा लुगडं नेसलं असं कळलं, तर तो त्याच दिवशी बोदलकशाला निरोप धाडेल. शपथ त्याच्या राशीवर वाहिली होती. म्हणजे खरं सांगितलं तर बायको जाते आणि खोटं सांगितलं तर राहते. असा न्याय मी कधी पाहिला नाही, पण आहे तो असा आहे. मी गप्प राहिलो. आमच्या मंडळीलाही बोललो नाही.

तिथंच चुकलं. मी पत्र मोठ्यानं वाचलं नाही, हेच रुख्माला पुरलं. दादांनी पत्र लपवलं म्हणजे त्यात काय असेल, बाळ झालं असेल किंवा टिकाराम धर्मांतर करून गेला असेल, असं काहीबाही तिच्या मनात आलं असावं. परवा जावेला म्हणाली, गोरेगावला माहेरी चार दिवस जाते. मुन्नालालच्या बैलगाडीतून गेली. आज मुन्नालाल परत आला. तो म्हणतो ती गोरेगावला उतरलीच नाही, छोट्या लायनीच्या स्टेशनाशी उतरली आणि गोंदियाचं तिकीट मागत होती.

हे पत्र मी माणसाच्या हाती गाडीनं पाठवतो आहे. लुगडं दोरीवरून काढ. बांगड्या लपव. जमलं तर एक दिवस आजारी पड. मरियेचं काम दुसऱ्या कोणाला दे, मिशा असल्या तरी चालेल.

ती आली की मला कळव. इथं तुझी वहिनी जेवत नाही आणि मला ओरडायला कोणी नाही.

केवलराम


गोंदिया, २८ डिसेंबर १९३५

जाऊबाईंना रुख्माचा नमस्कार. हे पत्र सुशीलाबाई लिहीत आहेत, मी सांगते तसं. भासऱ्यांनी ओसरीवरच वाचावं, मोठ्यानं, काही गाळू नये. तुम्ही कान देऊन ऐका आणि गाळलंसं वाटलं तर पुन्हा वाचायला लावा.

मी भांडायला आले होते. चार-पाच दिवस स्टेशनाजवळ मामेबहिणीकडे राहिले, ती विडीच्या पानांचं काम करते. तिच्याकडून गल्ली विचारून घेतली. नाताळच्या दिवशी ती म्हणाली, आज मरियेला पाहायचं तर दुपारीच चल, सगळा बाजार लोटला आहे. मी पदर खोचला. वाटेत ठरवलं होतं, आधी तिचे केस धरायचे, मग बोलायचं. पोर असलं तर त्याला बाजूला ठेवून केस धरायचे.

गोदामापुढं गर्दी होती. मालधक्क्याचे हमाल, गाडीवान, पोलीससुद्धा. आत ढोलकी वाजत होती. मालगुजार आला, ओरडला, लोक हसले. मला काही समजेना. मी बाईला शोधत होते. सगळे म्हणत होते मरिया आता येते, आता येते, आणि बाहेरच्या अंगानं ती आली. निळं लुगडं, लाल काठ. डोक्यावर गाठोडं होतं. बाळंत व्हायला चाललेली, कोणी घरात घेत नाही, अशी दारोदार फिरत होती.

जाऊबाई, मी पुढं घुसले केस धरायला. आणि माझे पाय थांबले.

तुम्हाला माहीत आहे मी कशी चालते. तुम्हीच किती वेळा म्हटलं असेल, रुख्मा, पाय फाकवून बदकावानी काऊन चालतेस. डोक्यावर ओझं असलं की माझा डावा खांदा वर जातो आणि दर थोड्या वेळानं मी हाताच्या उलट्या बाजूनं नाक पुसते. आईनं मारलं तरी गेलं नाही. ती बाई तशीच चालत होती. डावा खांदा तसाच. दार बंद झालं तशी तिनं उलट्या हातानं नाक पुसलं. माझ्याशेजारची म्हातारी डोळे पुसत होती, आणि मला वाटत होतं कोणीतरी मला उचलून तिकडं नेऊन ठेवलं आहे. मी इकडं उभी आहे तर तिकडं चाललंय कोण, हे कितीतरी वेळ कळेना. मग तिनं गायीला हाकललं, तो आवाज त्यांचा होता.

खेळ संपला, भात वाटला, मीही पुढं होऊन घेतला. कच्चाच होता. त्यांनी मला पाहिलं तेव्हा ते लुगड्यातच होते आणि पळावं की बसावं हे त्यांना समजेना. मी म्हटलं, “खांदा इतका वर नाई जात माझा.” ते म्हणाले, “जाते.”

सुशीलाबाई सांगतात, पाळकांची एकच अट होती, नाच्याची चाल नको, घरच्या बाईची चाल हवी. तर यांनी म्हणे एक दिवसही मागितला नाही. उभे राहिले आणि चालून दाखवलं. दोन वर्षं मला वाटत होतं, या माणसानं माझ्याकडं धड पाहिलंसुद्धा नाही.

मी इथंच राहते. खोली खरंच लहान आहे आणि पाणी खरंच लांब आहे. या लोकांचं देवाचं मला काही उमगलं नाही. गाणं चालू असताना कुठं थांबायचं ते कळत नाही, मी एकटीच पुढं म्हणत राहते. यांना अजून भीती आहे की मी जाईन, रात्री उठून दार बघतात.

बाबांना काय सांगायचं ते भासऱ्यांनी ठरवावं. भासऱ्यांचं पत्र खेळ झाल्यावर हाती आलं, खरं सांगितलं तर बाबा न्यायला येतील हे त्यातून मला कळलं आहे. म्हणून सवत केली असंच सांगा. विचारलं, पोरीनं तिला पाहिलं का, तर पाहिलं म्हणा. विचारलं, कशी आहे, तर सांगा, दिसायला बरी आहे, पण चालते अगदी रुख्मासारखी.

तुमची,
रुख्मा